मधली कामं

शटर अर्धं ओढून घेतलं की प्रिंटर थंड होईपर्यंत
मी थोडा वेळ जपानात असते.

जरूडहून वरूडला जायला मला कारण लागतं,
तिथं लागत नाही.
लाल दिव्यांच्या कमानीखालून आत शिरायचं,
कोपऱ्यावर रात्रभर उघडं दुकान,
मागच्या बोळीत तीन जण दबा धरून.
सहा भाग झाले, तिथली वीस वर्षं गेली,
तरी त्यांनी मला ओळखलेलं नाही.
दर वेळी त्यांच्या भाषेत म्हणतात,
थांब बे, कुठी चालला,
आणि दर वेळी मी त्यांना
त्यांच्याच सायकलीनं धुते.

पंकेश चाकणला गेला तेव्हा मशीन ठेवून गेला.
म्हणाला, ताई, तुले नाई जमाचं वं,
गुंड्यायचा खेय हाय.

आहे गुंडांचाच. पाठभर गोंदण, टोळ्या, गादीवरून भांडणं,
कुणाचा तरी मानलेला बाप
कुणाच्या तरी पैशात अडकलेला.
मुख्य गोष्ट मला अजून धड सांगता येणार नाही.
खालच्या इंग्रजी ओळी मी बोट लावून वाचते,
अर्थ लागेस्तोवर कुणीतरी मेलेलं असतं.

मला आवडतं ते मधलं.
माणूस निघालाय शेवटचा हिशोब करायला,
सदरा एका हिसक्यात फेकायच्या तयारीत,
आणि रस्त्यात एक पोरगी म्हणते, काका, माझं मांजर.
तो थांबतो.
जळायचं शहर तासभर थांबतं.
मांजर सापडतं. मग संडासात अडकलेल्या कुणाला तरी
तो दाराखालून कागद सरकवतो,
गाण्याच्या खोलीत शिरतो, डोळे मिटतो
आणि इतकं मन लावून गातो
की पहिल्यांदा मी खो खो हसले,
दुसऱ्यांदा उठून दार लावून घेतलं.

सुभद्राबाई उईकेंचा अंगठा उठत नाही.
पेट्या ठोकून ठोकून रेषाच गेल्यात.
चौथ्यांदा आली वो बाई मी, त्या म्हणाल्या.
बाहेर सातबारावाले ओरडत होते.
मी त्यांचा अंगठा पदराला पुसला, तळव्यात धरून ऊब दिली,
पुन्हा ठेवला. पुन्हा.
हिरवा दिवा लागला.
तिथं अशा वेळी घंटी वाजते, आकडा वाढतो.
इथं त्यांनी ओच्यातली मूठभर बोरं
कीबोर्डवर ठेवली.

तिथं फोनच्या काचेच्या डब्यात जाऊन
दिवस जपून ठेवता येतो.
आमच्या फाट्यावरच्या पिवळ्या डब्यात
शेषराव खर्रा घोटतो.

पोळ्याला पंकेश आला.
पुसला नाई काहून वं, म्हणाला.
पहिल्या खणात त्याचा जुना खेळ तसाच होता:
नदीकाठचा बाक, रात्र,
खिशात तीनशे, एवढ्यात वाडगाभर शेवयाही येत नाहीत.
त्यानं रिमोट घेतला.
बोळीतल्या त्या तिघांनी त्याला झोडपला.
परत गेला, परत झोडपला.
हात गेला ताई माह्या, म्हणाला,
आणि प्रेसवर बारा तास वागवलेली बोटं
मांडीखाली सारून बसला.
मग मी सहावा भाग लावला.
हा त म्हतारा झाला ना बे!
झाला. कानशिलाला पांढरं आलंय,
जिना चढताना जरा दम घेतो असं मला वाटतं,
कदाचित मलाच वाटतं.
आपल्याकडच्या हिरोंना ही मुभा नाही.

रिमोटची डावी दांडी बिघडली आहे.
वरूडचा पोऱ्या म्हणतो, नवीनच घ्या.
हात काढला तरी माणूस हळूहळू
डावीकडे चालत राहतो.
मी पाणी प्यायला उठते, परत येते,
तो शेवयांच्या दुकानाच्या काचेला खांदा लावून
जागच्या जागी पाय हलवत असतो.
आत वाफ आहे, एक खुर्ची रिकामी.

शेवटचा हिशोब उजवीकडे आहे.
मी अजून थोडा वेळ
रिमोटला हात लावत नाही.