धाब्यावर, लाईट गेल्यावर

जळगावच्या दुकानातलं पोरगं म्हणालं,
काका, रोजच्या फोटोंना फोन पुरे.
कॅमेरा आता लग्नवाले घेतात,
नाहीतर पक्षीवाले.
मी दोन्हींत नाही.
चोपडा डेपोत कंट्रोल केबिनला बसतो,
आलेल्या गाड्या लिहितो, गेलेल्या लिहितो.

तरी घेतला. सेकंडहँड.
पट्ट्यावर आधीच्या मालकाच्या
घामाची पांढरी रेघ.
हर्षाली म्हणाली, एवढ्यात कूलर आला असता.
आला असता.

फोन खिशातच असतो,
म्हणून यावल गाडीच्या टपावरचं माकड फोनमध्ये आहे,
मुलीचा पडलेला दात, तळहातावर, रक्तासकट,
केळीचा भाव, गॅसची पावती,
भरीत पार्टीत तोंड पोळलेले मेहुणे,
परत केळीचा भाव.
कॅमेऱ्यात यातलं काही नाही.
तो तेव्हा कपाटात,
जुन्या टॉवेलात, चार्जिंग उतरलेला.

पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला
की फोन म्हणतो, मी तापलोय, थांबा.
कॅमेराही तापतो.
बोलत नाही.

आणि माणसं.
फोन धरला तर लोटन बारी पानं मोजतच राहतो,
ओठ हलत असतात, बोटं ओली.
कॅमेरा काढला की
कवळी खाली ठेवतो, टोपी सारखी करतो
आणि श्वास धरतो.
त्याच्या घरी भिंतीवर आहे
तो श्वास धरलेला.
मोजणारा माझ्याकडे पडून आहे,
पावत्यांच्या मध्ये कुठेतरी.

परवा लाईट गेली.
सगळे धाब्यावर, गोधड्या टाकून.
भिला आबा कठड्याला टेकून बिडी ओढत होता.
मी आधी फोनने काढला.
फोनने अंधार पुसून टाकला.
गोधडीची फुलं दिसली, बनियनचं भोक,
टाकीवरचं कंपनीचं नाव,
आबाच्या गालावर दुपारचा उजेड.
मग खाली जाऊन कॅमेरा आणला,
कठड्यावर ठेवला, श्वास मीच धरला.
काळं. नुसतं काळं,
त्यात एक लाल ठिपका,
आणि बराच वेळ पाहिलं तर
बोटाचं एक पेर.

आबाला दोन्ही दाखवले.
पहिला पाहून हसला,
'रात व्हती ना भो?'
दुसरा हात लांब करून धरला,
जवळ आणला, परत लांब.
बिडी विझली तरी बघत होता.
'हाऊ मी शे.'

मला वाटलं, झाला निकाल.
आता सकाळी खांद्याला काय अडकवायचं
ते ठरलं.

तेवढ्यात म्हणाला, सुरतला पोराला पाठव.
कोणता, मी विचारलं.
त्याने फोनकडे बोट केलं.
'त्याले दिसाले जोयजे ना.'

रेंज एकच कांडी होती.
गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग गेला.