वाम कवा धरावी

पूर्णेला पाणी सुटलेलं असताना धरू नये.
येलदरीचं दार बंद झाल्यावर तीन दिवस जाऊ द्यावेत.
चौथ्या दिवशी गढूळ खाली बसतं,
दगडावर शेवाळाची ओली रेघ उरते, वीतभर वर.
ती रेघ वाळली की समजायचं,
नदीनं आता अंग टाकलंय.

हे धुरपता आत्यानं सांगितलं,
गोणपाटावर बसून जाळ्याची भोकं शिवता शिवता,
मी सातवीत नापास झालो त्या उन्हाळ्यात.

"चांदनं नको. चांदन्यात तीच आपल्याला आधी बगती.
अवसेच्या आगंमागं निघायचं,
जेवनं झाल्यावर, कुत्री गप झाली की.
टार्च तिरपा मारायचा.
सरळ मारला तर आपलंच तोंड दिसतं,
अन् ते काय, रोजच दिसतंय."

वाम तळाला निजते, सगळी वाळूत.
वर फक्त नाकाचं टोक, करडईच्या काट्याएवढं.
ते दिसत नाही.
दिसते ती वाळूला पडलेली सुरकुती,
पांघरुणाखाली लेकरानं कूस बदलल्यावर पडते तशी.

म्हणून पाय उचलायचा नाही,
ओढायचा.
टाच वाळूत, चवडा वाळूत,
तिफणीच्या फणासारखा हळू.
उचललेला पाय पडतो, त्याचा दणका तळाला कळतो.
ओढलेला पाय नदीला आपलाच वाटतो.
तळव्याखाली गार, गुळगुळीत काही वळलं की थांबायचं.
श्वास मात्र रोखायचा नाही.
"श्वास रोखनारं भ्यालेलं असतं,
अन् भ्यालेलं पान्याला कळतं."

बर्ची डोक्यामागं चार बोटं सोडून.
शेपटीला मारली तर मासा जातो, बर्ची वाकते
आणि आत्या दोन दिवस बोलत नाही.
हाताला चुलीतली राख हवी;
राखेवाचून वाम हातात राहिली, असं कुणी सांगितलं
तर तो नदीवर गेलेला नाही.
पाठीच्या काट्यांवरून उलटा हात फिरवू नये.
माझ्या अंगठ्यावर अजून पांढरी रेघ आहे.

पहिल्या रात्री माझ्या पायाखाली ती वळली.
जाडजूड. पोटरीला घासून गेली.
मी बर्ची धरून तसाच उभा.
"काय लागलं रं?"
"दगड."
"दगड पळत नसतो, बाबा,"
म्हणाली आणि अंधारात
बराच वेळ एकटीच हसत राहिली.

पुढं टिप्पर आले.
त्यांनाही अवसच लागायची.
नदीत मशीन उतरायचं, दिवे बंद ठेवून,
पहाटेपर्यंत वाळू गावाबाहेर.
आता पाय ओढत गेलं की मधेच तळ संपतो,
गुडघ्याचं पाणी एकदम छातीला लागतं,
खाली काळी, चिकट माती.
मातीला सुरकुती पडत नाही.
जिंतूरच्या बाजारात आम्ही कटला विकतो, धरणातला.
वाम मागणारी दोन-तीन म्हातारी माणसं आहेत,
ती भाव विचारून जातात,
टोपलीत नाही हे बघूनसुद्धा.

मोतीबिंदूसाठी आत्याला परभणीला नेलं.
डोळ्याला हिरवी पट्टी, फरशी नुकतीच पुसलेली,
आणि ती पाय ओढत चाललेली
भिंतीला हातही न लावता.
नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, पाय उचलून टाका, पडाल."
आत्या थांबली.
"अन् खाली कोनी निजलेलं असलं तर?"
नर्सबाईंनी माझ्याकडं पाहिलं.
मी खिशात चिठ्ठी शोधू लागलो.

तर, कवा धरावी ते सांगितलं.
कशी, तेही.
कुठं, ते विचारू नका.
एका वळणावर करंजाच्या मुळ्यांनी
खाटेएवढी वाळू धरून ठेवलीय,
टिप्परला तिथं उतरता येत नाही.
मागच्या अवसेला मी गेलो होतो,
बर्ची घरी, राख चुलीत.
पाय ओढत ओढत.

तळव्याखाली काहीतरी होतं.
दगड असेल.