किती जणांचं अडतं?

सोसायटीच्या पावतीवर बाबांचं आडनाव
कुऱ्हाडे नाही, कुर्हाडे येतं.
र उडून थेट ह च्या डोक्यावर बसतो,
पत्र्यावर माकड बसावं तसा.
वडगावच्या मागांच्या खडखडाटात
एका र चं कोण ऐकतंय?

मी सतरा रात्री उकरत
अक्षरं जुळवणाऱ्या त्या कोडात उतरले.
सापडली जागा. एक अट उलटी लिहिलेली.
दुरुस्ती दोन ओळींची.

त्या दोन ओळींआधी पाच पानांचा करार.
त्यात रकाना: तुमचा मालक कोण?
लिहिलं, रात्री कुणीच नाही.
फॉर्मला हे उत्तर चालेना.

मग बिल्ड. जुना लॅपटॉप तव्यासारखा तापलेला,
आई कूस बदलून म्हणते, "अजून काय करालीस गं?"
दोनला लाईट गेली.
सकाळी परत पहिल्यापासून.

नवख्यांचं स्वागत, असं त्यांच्या दारावरच लिहिलंय.
ओळखीची बैठक आमच्या पहाटे अडीचला.
गेले. माईक बंद ठेवून बसले.
माझं इंग्रजी लिहिताना इस्त्रीचं,
तोंडातून निघताना चुरगळतं.

रिव्ह्यू आला: संदेश लांब झालाय. रीबेस करा. टेस्ट कुठाय?
टेस्ट लिहिली:
आचार्यांना दक्षिणा, आचाऱ्यांना पगार.
दर्या एक, दऱ्या अनेक.
तो म्हणाला, मला तर दोन्ही सारखेच दिसतात.
दिसणारच की. त्याच्याही पडद्यावर तोच बग.

आणि शेवटी: यानं किती जणांचं अडतं?
टाइप केलं, एकाचं. खोडलं.
आठ कोटींचं. खोडलं.
बाबांच्या सहीचा फोटो पाठवला.

त्यानंतर कुणीच नाही.
नव्वद दिवसांनी एक यंत्र आलं,
हालचाल नाही म्हणून बंद करतो म्हणालं,
आभारही मानले त्यानं.

तहसीलच्या खिडकीतला कारकून आठवला.
माझा अर्ज सरकवून म्हणाला होता, "कन्नडदल्लि बरीरी."
मी नुसती उभी.
मग त्यानंच पेनचं टोपण दातानं काढलं
आणि माझा अख्खा अर्ज लिहून दिला,
मध्येच विचारत, आडनावात ह आधी की र?

शेजारचे ईरप्पा मास्तर सांगतात,
कन्नडातही एक असाच जादा र होता.
कुणी हाकलला नाही त्याला.
लिहायचा राहिला, एवढंच.

आता सोसायटीच्या एका कॉम्प्युटरवर
माझ्या दोन ओळी मीच बसवल्यात.
नवी आवृत्ती आली की पुसल्या जातात,
मी पुन्हा बसवते.
पॅच परत उघडलाय. वर चौथी टिप्पणी माझी, खालची तीनही माझीच.

काल बाबांनी पावती उजेडात धरली.
मी श्वास रोखून.
आडनावावरून नजर सरळ खाली घसरली.
"बारा रुपये कमी लावलेत," म्हणाले,
आणि चप्पल शोधायला लागले.