एकक

मार्चअखेर. बडोद्यात पंखे नुकतेच तीनवर आलेत.
टेबलावर दोन तक्ते,
दोन्हींच्या माथ्यावर तोच शब्द: क्रेडिट.

डावा नव्या इमारतीचा.
सायकली लावायला जागा, एक.
थेंब मोजून सोडणारे नळ, दोन.
गच्चीला पांढरा रंग, एक.
बसथांबा पाचशे पावलांच्या आत, एक
(बस येते का, ते कोणी विचारत नाही).
अठ्ठावन्न झाले. एकोणसाठ हवेत,
दारावर हिरव्या पानाची काचेची पाटी लागायला.

उजवा दुसऱ्या वर्षाचा.
संरचना चार. संगणकावरचं आरेखन चार.
पर्यावरण दोन, सक्तीचे,
म्हणून मुलं ते झोपेत पास होतात.
कार्यशाळेचे तीन होते, यंदापासून एक.
उरलेले दोन कुठं गेले, असं मी बैठकीत विचारलं
तर बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवण्यात आली.

मराठीत गुण येतो, गुण लागतो,
पोरं गुण उधळतात.
तक्त्यात तो नुसता दिला जातो,
तोही पुरावा जोडल्यावर.

जिन्यातल्या भिंतीला चुन्याचा गिलावा आहे,
अंबालाल ओडांच्या हातचा.
वाडीत त्यांचा खड्डा, इथून तीन किलोमीटर.
चुना हातगाडीवरून आला,
डिझेल शून्य, अंतर किरकोळ,
म्हणजे स्थानिक साहित्याचा एक गुण आमचाच.
फक्त बिल पाहिजे. नंबर, तारीख, शिक्का.

गेले वाडीत.
'बेन, बिल बनावतां मने नथी आवडतुं.'
गुजरातीत आवडणं म्हणजे जमणं.
तीन पिढ्या इथं काढूनही
माझा कान आधी मराठीतच ऐकतो,
आणि खरं सांगायचं तर मला तोही अर्थ पटला.

मग त्यांनी कॅलेंडरचं गेलं पान फाडलं,
पाठीमागे सावकाश लिहिलं:
चुनो.
पाणी.
चार महिना राह जोई.
चुन्यापुढे रक्कम. पाण्यापुढे रेघ.
वाट पाहिली त्याच्यापुढेही रेघ.
खाली सही, आणि सहीखाली
एक नाव जे मी मागितलं नव्हतं:
हलावनार, कृपेश.

कृपेश वाळंद. दुसरं वर्ष, हजेरी एकसष्ट टक्के,
पंच्याहत्तर लागते.
पावसाळाभर, सकाळी साडेसातला,
नेमक्या माझ्या तासाला
हा मुलगा ताडपत्रीखाली उभा राहून
खड्ड्यात बांबू फिरवत होता.
माझ्या तासाचं नाव: शाश्वत साहित्य, भाग एक.
त्यात चुन्यावर अडीच स्लाइड आहेत.

'सांगितलं का नाहीस?' म्हटलं.
'मॅडम, तुम्ही हजेरी घेता तेव्हा मी नसायचो ना.'
आणि तो हसला नाही,
म्हणून मलाही हसता आलं नाही.

कागद स्कॅन करून पाठवला.
तपासणाऱ्याचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, फार नम्र.
चुना: ग्राह्य. पाणी: ग्राह्य.
'राह जोई' ही सामग्री कोणती, कळावे.
एकक नमूद नाही.

दुपारी जिन्यात जाऊन उभी राहिले.
बाहेर झळा, कँटीनच्या पत्र्यावर ऊन वाजत होतं.
भिंतीला पाठ लावली.
ब्लाउजमधून गारवा हळूहळू आत आला,
घाई नसलेल्या माणसासारखा.
वरून उतरणारी दोन मुलं
मला बघून मोबाईलमध्ये बघू लागली.

रात्री बाराला पोर्टल बंद होतं.
अकरा चाळीसला मी रकाना भरला.
एकक: सकाळ.
संख्या: एकशे वीस.
पाठवलं. फिरत राहिलेलं चक्र एकदाचं थांबलं.

मग हजेरीपट ओढला.
अठरा जुलै, गुरुवार, साडेसात.
त्याच्या नावापुढे माझ्याच हातची फुली.
त्या सकाळी तो कुठं होता
हे आता मला ठाऊक आहे,
पाऊस किती होता तेही.

पेन खाली ठेवलं,
पेन्सिल घेतली.
खोडायची वेळ आली तर सोपं पडतं.