कूलर बंद ठेवावा

सूचना क्रमांक सात :
परीक्षेच्या वेळी खोलीत कोणताही आवाज नसावा.
म्हणजे कूलर बंद.
म्हणजे मे महिन्यात, नागपुरात, दुपारी दोन ते पाच.
हे लिहिणारा नक्की पुण्याचा असेल,
प्रमिला म्हणाली,
आणि तिनेच उठून बटण दाबलं.

कूलर थांबला की कळतं
तो इतका वेळ केवढा ओरडत होता.
वाळ्याच्या ताट्यांतून पाणी जरा वेळ टपकलं,
मग तेही गप्प.

कॅमेरा म्हणाला, खोली दाखवा.
मी लॅपटॉप ओवाळणीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून फिरवला :
ही भिंत, ही तांदळाची कोठी,
हा दीक्षाच्या सायकलचा पंप,
हे आबा, फोटोतले.
यंत्राने आबांभोवती लाल चौकोन काढला.
दुसरी व्यक्ती आढळली.
स्टुलावर चढलो, आबांना भिंतीकडे तोंड करून टांगलं.
चौथीतच शाळा सुटली होती तुमची.
आज पुन्हा वर्गाबाहेर.

वय त्रेचाळीस.
धर्मकाट्यावर ऑपरेटर, कळमना मार्केट, रात्रपाळी.
ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा,
वजाबाकी करून पावती फाडायची.
दोन ट्रकांच्या मध्ये सात मिनिटं मिळतात,
संत्र्याच्या हंगामात तीन.
त्या तीन-तीन मिनिटांत मी अर्थशास्त्र शिकलो,
दीडपट वेगाने,
एका कानात बाई, दुसऱ्या कानात हॉर्न.
बाई म्हणाल्या, पुरवठा वाढला की किंमत पडते.
खिडकीशी काटोलचा ड्रायव्हर उभा होता, पावतीसाठी.
'हे तं मले मालूमच होतं भाऊ,
मागच्या खेपेले अर्धी गाडी नाल्यात रिकामी केली.'
ते मी जसंच्या तसं उत्तरात लिहिलं.
वीसपैकी सतरा पडले.
त्याला सांगायचं राहून गेलं,
गाडीचा नंबर पाठ आहे अजून.

मालक विचारतात, काऊन बे खोब्रागडे,
डिग्री घेऊन वजन वाढंल का तुयं?
आणि स्वतःच हसतात.
मी काट्याचा शून्य तपासत बसतो.

ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरा.
धरलं. चेहरा जुळला.
बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचं जुनं हॉल तिकीट
अजून ट्रंकेत आहे, न वापरलेलं.
त्याच्यावरचा पोरगा मात्र
कुठल्याच यंत्राला जुळला नसता आता.

बाहेर प्रमिलाने गल्ली धरून ठेवली आहे.
बारसागडे बाईंना सांगून आली, मिक्सर पाचनंतर.
कुल्फीवाल्याची घंटी कोपऱ्यावरच दाबली हाताने.
दीक्षा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन जिन्यात बसली आहे,
दारामागून तिचा श्वास ऐकू येतो,
यंत्राला येत नसावा.

प्रश्न चौथा.
अल्पकाळ आणि दीर्घकाळ यांतील फरक स्पष्ट करा.
अल्पकाळात निदान एक घटक स्थिर असतो, मी लिहिलं,
दीर्घकाळात सगळेच बदलू शकतात.
नाकावरून घाम पडला नेमका 'शकतात'वर.
पुसावं तर बोट सरकलं,
अख्खा परिच्छेद गायब.
पुन्हा लिहिला.
दुसऱ्यांदा तो थोडा लहान झाला,
बहुधा बराही.

चार वाजून सत्तावन्न.
जमा करा.
चाक फिरत राहिलं,
फिरत राहिलं,
मी श्वास धरला, जिन्यातला श्वासही थांबला.
जमा झाले.

पेपर कसा गेला, कोणी विचारलं नाही.
कूलर सुरू झाला तसा त्याचा तो गडगडाट,
त्यात प्रमिला काहीतरी म्हणाली,
मी हो म्हणालो,
काय म्हणाली ते अजून माहीत नाही.
दीक्षाने तोंड सरळ जाळीलाच लावलं.

आबांची आठवण झाली ती रात्री,
डबा घेऊन पाळीला निघताना.
फोटो सरळ करायला उचलला.
पाठीवर फ्रेमवाल्याने पेन्सिलीने लिहिलं होतं :
पंचाऐंशी. पंधरा बाकी.