एकतिसावं पान

दर दुसऱ्या गुरुवारी, फेरीबोट वेळेवर असली तर,
शेटलंडच्या आमच्या या टोकाच्या बेटावर
वाचनालयाची गाडी येते,
मासळीच्या कारखान्यामागे थांबते, इंजिन चालू ठेवून.
मी हातमोजे काढते, हात दोनदा धुते,
तरी सॅमनचा वास माझ्याआधी पायरी चढतो.

"भीतीची आहेत का," मी विचारते, "नऊ वर्षांच्या मुलीसाठी?
प्रकरणं असलेली. जाड.
म्हणजे, जाड दिसणारी."

रॉबिना चष्मा कपाळावर सरकवते.
आधी निघतं मांजराच्या पिल्लाचं,
मग कुत्र्याच्या पिल्लाचं,
मग एक एकटं तट्टू, त्याला मैत्रीण हवी आहे
(खरी तट्टं आमच्या कुंपणाशी उभी, त्यांना फक्त गाजर हवं असतं).
ओस्लाला झेपतील असे सगळे शब्द
या पिल्लांनीच पळवलेत बहुधा.

मागच्या खेपेला तिनं एक पिल्लू परत दिलं मला
दोन बोटांत, शेपटी धरल्यासारखं:
"आई, यात कुणी मरतच नाही."

तिच्या वर्गातली पोरं चारशे पानांची स्मशानं पालथी घालतात,
मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगतात
कुणाचा हात कुठे सापडला.
ही भिंतीला टेकून ऐकते
आणि घरी येऊन मला सांगते
जणू स्वतःच वाचलंय.
मी विचारत नाही कितव्या पानावर.

भीतीनं बोबडी वळते म्हणतात.
हिची तर भूत यायच्या आधीच वळायची,
बाईंनी नुसतं नाव पुकारलं की.
'वॉज' वाचायला जावं
तर तो गर्रकन फिरून 'सॉ' व्हायचा,
आणि मग सगळा वर्ग वळून बघायचा.

मलाही होतं हे. माझ्या वेळी याला नाव नव्हतं,
एक अक्षर पुरायचं: ढ.

रॉबिना गुडघे टेकते. सगळ्यात खालचा कप्पा.
हे बघ, म्हणते.
कागद सायीच्या रंगाचा, पलीकडची शाई अलीकडे न डोकावणारा.
दोन ओळींमधून मेंढरू सहज निघून जाईल एवढी वाट.
वाक्यं आखूड.
"आणि तिसऱ्या प्रकरणात," ती आवाज उतरवते
(गाडीत आम्ही दोघीच),
"तळघरात कुणीतरी आहे."

"सोपं आहे असं लिहिलंय का वर कुठे?"

"होतं. चिकटपट्टी मी नखानं खरवडून काढली."

डिसेंबरात आमच्याकडे तीनलाच अंधार पडतो.
साताला ओस्ला पांघरुणात, मी जिन्यावर,
मांडीवर उसवलेला मोजा, सुईत दोरा नाही.
दाराच्या फटीतून येतं तिचं वाचन,
चालणं, थांबणं, मागे जाणं,
ओल्या दगडांवरून ओढा ओलांडावा तसं.
पान उलटतं. पुन्हा उलटतं.

आणि एकतिसाव्यावर थांबतं.

शब्द सुचवायचा नाही, हे आमचं ठरलेलं.
खरं तर मला कुठे माहीत होता तो शब्द.
बाहेर वारा पत्र्याशी काहीतरी बोलत होता.
"त... तळ..." मग काहीच नाही.
मग एकदम, पूर्ण, मोठ्यांदा:
"तळघराचं दार उघडंच होतं!"

धाडकन खोलीचं दार. अनवाणी पाय.
तिच्या दंडावर काटा, आणि तो मला दाखवत
ती अशी हसत होती
की मी तिला शेवटची तशी कधी पाहिली आठवेना.
"हे आज माझ्या खोलीत नको," म्हणाली,
पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं, मोज्यासकट,
आणि पळाली.
मग फटीतून: "पण खूण हलवू नकोस."

खूण मी हलवली नाही.
नुसतं बघावं म्हणून उघडलं.
दिव्याखाली, बोट ओळीखाली,
बत्तीस. तेहतीस.
पायऱ्या मोजत कुणीतरी वर येत होतं,
माझ्यासारखंच सावकाश,
एकेका पायरीवर थांबत.

जिन्याचा दिवा त्या रात्री मालवलाच नाही.
ओस्लासाठी, असं सांगितलं नवऱ्याला.