कारण लिही

हेडाऊ काकूंच्या मेसचा हिशेब
माझ्या लॅपटॉपवर नऊ फोल्डरांत राहायचा:
मेस, मेस नवीन, मेस फायनल,
मेस फायनल खरं,
मेस फायनल खरं याला हात लावू नको.
नेमका त्यालाच हात लागला, मे महिन्यात,
मेडिकल चौकातली लाइन गेली तेव्हा.
कूलर बंद, बॅटरी आधीच मेलेली,
फाइल उघडली तर आत नुसते चौकोन.
बाकी आठांत कुठे मार्च, कुठे अर्धा फेब्रुवारी.
छत्तीस पोरांनी किती डबे खाल्ले
ते फक्त काकूंच्या बोटांच्या पेरांवर उरलं.

"काहून रे बाप्पा,
तुया मशिनीपरीस माहा खडू बरा होता,"
म्हणाल्या, आणि तरी वाढलं.
रश्श्यावरची तर्री त्या दिवशी जास्तच लाल होती,
की मलाच तसं वाटलं.

रविवारी निखत आली, मिहानमध्ये नोकरी आहे तिची,
मोमीनपुऱ्याहून स्कूटीवर, डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात.
नऊ फोल्डर पाहून ती हसली नाही.
ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.
एक ठेव, म्हणाली, आठ पुसून टाक.
पुसू?
पुस. आता लिही: गिट इनिट.

काहीच घडलं नाही.
आत एक लपलेलं फोल्डर तयार झालं म्हणे,
घरात कोणी राहायला यावं
आणि दारात चपला दिसू नयेत, तसं.

मग फायली निवडायच्या, मग कमिट.
निवडणं वेगळं, नोंदवणं वेगळं,
हे तिला दोनदा सांगावं लागलं.
मला कळलं ते काकूंकडे बघून:
ताटात सगळं मांडून एकदा नजर फिरवतात,
मगच ताट पुढे सरकवतात.

संदेश मागितला. मी लिहिलं, "बदल केले."
निखतने खोडलं.
"काय बदललं ते त्याला दिसतंच.
तू कारण लिही.
सहा महिन्यांनी सगळं विसरलेला माणूस
तूच असशील, त्याच्याशी नीट बोल."

म्हणून बोलत गेलो.
"रविवारी रात्री मेस बंद, म्हणून आठवड्याला चौदाऐवजी तेरा जेवणं."
"अर्धा डबा पाऊण भावात. काकू म्हणतात, भाजी अर्धी होते, भात अर्धा होत नाही."
"काल रात्रीचं सगळं उलटवलं. झोपेत लिहिलं होतं."
"पाहुण्यांची जेवणं, वेगळ्या ब्रांचवर, जमलं तर."
जमलं नाही. ती फांदी अजून तशीच आहे, दोन पानांची.

जुलैत काकूंनी विचारलं, हा पाऊण भाव कोणी लावला?
त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं, तारखेसकट.
"मी असं बोलली?"
थोडं थांबून, "बरं बोलली."

ऑगस्टात लोमेश कटरे गेला, गोंदियाकडचा,
तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत दीड मार्काने राहिलेला.
गादी गुंडाळली, तीन महिन्यांची थकबाकी
कागदावर लिहून खाली सही करून दिली.
काकूंनी तो कागद शेगडीवर धरला.
मग माझ्याकडे आल्या, ओले हात पदराला पुसत.
"त्याच्या नावापुढं शून्य टाक.
अन् कोणाले सांगू नको,
बाकीची पोट्टी डोक्यावर बसतील माह्या."

टाकलं शून्य.
सात हजार आठशे रुपये:
वजा खूण लावलेली एक ओळ, अधिक खूण लावलेली एक ओळ.
आणि कर्सर थांबला, कारणासाठी.

हे विसरणारं यंत्र नाही.
पुढच्या वर्षी कोणी उघडलं, निखतनेच उघडलं,
तर तारीख दिसेल, वेळ, माझं नाव,
जुना आकडा लाल, नवा हिरवा.
माझ्या हातात
उरलं होतं एवढंच, एक वाक्य.

बराच वेळ पंख्याची खरखर ऐकली.
मग लिहिलं,
"आकडा चुकला होता."

निखतला हे चालणार नाही.
आतून काकू विचारत होत्या, झालं का रे,
का पोळ्या टाकू तोवर?